उभ्या झाडाचा अदमास

बर्गलंड गाव सोडून सात मैल
डांबर, मग खडी, मग चाकांचे नुसते दोन चर.
ट्रक तिथंच ठेवायचा.
आर्वो कांगास पुढं, मागं मी,
पाठीवर टेप, क्लिनोमीटर, थर्मास,
आणि मिशिगनचे सगळे डास माझ्या एकटीचे.
त्याला चावत नाहीत. म्हणतो,
चाळीस वर्षांपूर्वीच आमचं मिटलंय.

हे जंगल कुणी लावलेलं नाही.
लावलेल्यात बरं असतं: रांगा, एकच वय,
एक मोजा आणि गुणा.
इथं तीनशे वर्षांच्या हेमलॉकच्या मुळाशी
करंगळीएवढा मेपल,
तोही म्हणे पन्नाशीचा, सावलीत खोळंबलेला.
शितावरून भाताची परीक्षा, मान्य.
पण इथं शीत न् शीत वेगळ्या हंडीतलं.

"छातीच्या उंचीवर घेर घ्यायचा," पहिल्या दिवशी तो म्हणाला.
साडेचार फूट. नियम.
मी खोडाला पाठ लावून उभी राहिले.
साडेचार फूट माझ्या हनुवटीशी आले.
"कुणाच्या छातीच्या?"
तो टेप गुंडाळत राहिला, बराच वेळ.
"असेल कुणी उंच साहेब."
तेव्हापासून मी हनुवटीनं मोजते,
झाडाला काही सांगायचं असल्यासारखी
तोंड सालीजवळ नेऊन.

मग लोलक.
डोळ्यापुढं धरून जागच्या जागी एक फेरी.
काचेतून खोडाचा एक तुकडा बाजूला सरकतो.
सरकूनही खोडाला धरून राहिला, झाड आत.
सुटला, तर बाहेर.
आणि कडेला नुसता टेकला तर?
तर दलदलीतून टेप ओढत जा, अंतर मोज.
"किंवा एक सोडून एक धर," आर्वो म्हणतो,
"ऑफिसला कळत नाही."
स्वतः मात्र घोट्यापर्यंत चिखलात उतरतो.

बाबा बल्लारपूरच्या लाकूड डेपोत होते.
तिथं साग आडवा यायचा.
घेर, लांबी, टोकावर हातोडीचा शिक्का, पुढचा.
फोनवर विचारतात,
"उभंच मोजता? पडायच्या आधी?"
हो.
"मग पाडतात कधी?"
पाडत नाहीत बाबा. दहा वर्षांनी परत मोजतात.
पलीकडं खोकला, टीव्हीचा आवाज,
"बरं. जेवलीस का?"

एकशे सतरा नंबर. पिवळा बर्च.
घेर नऊ फूट, उंची ऐंशी.
वर निमुळता होतो म्हणून
गुणिले शून्य पूर्णांक बेचाळीस:
दोनशे सोळा घनफूट.
मी लिहिलं, खाली रेघ मारली.
आर्वोनं कुऱ्हाडीचा दांडा खोडावर आपटला.
रिकाम्या पिंपाचा आवाज आला.
पुन्हा आपटला, वर, खाली, मागून,
डॉक्टर पाठ ठोकून बघतात तसा.
"ऐंशी टक्के वजा कर.
ही नुसती साल उभी आहे."

वजा केले. खोडरबर नव्हतं,
आकडा खोडला आणि शेजारी लहान आकडा लिहिला.
उरलं ते त्रेचाळीस.

परत निघायला उशीर झाला होता.
वळून बघितलं तर
बर्चच्या तुटक्या शेंड्याभोवती पाकोळ्या,
आधी चार-दोन, मग घिरट्यांचा धूर,
धूर उलटा, वरून खाली, खोडात शिरणारा.
आम्ही दोघं बोललो नाही.
माझे ओठ हलत होते. त्याचेही.

ट्रकमध्ये दिवा लावून
एकशे सतराच्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात
मी लिहिलं: पाकोळ्या, एक्याऐंशी.
आर्वोनं चष्मा कपाळावर ढकलला, कागद ओढून घेतला.
मला वाटलं, काट मारणार.

"ऐंशी," तो म्हणाला.
"एक परत बाहेर आली होती."